व्हीलचेअरच्या आधी आईचं कानाचं मशीन

प्रश्न थोडक्यात असा: बाबा ६८ वर्षांचे. आठ महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि पाय कमजोर, धरलं तर दहा-बारा पावलं टाकतात. समजतं सगळं, पण तोंडून शब्द येत नाही. आई ६४ वर्षांची. तिला कमी ऐकू येतं, तीन वर्षांपूर्वी कानाचं मशीन घेऊन दिलं, पण ती लावत नाही. घर विक्रोळीला, कन्नमवार नगरात, दुसरा मजला, लिफ्ट नाही. दोघे भाऊ मिळून ८० हजारांची इलेक्ट्रिक व्हीलचेअर घेणार आहोत. घ्यावी का? सरकारकडून काही मिळतं का? बोलण्यासाठी ॲप आहे का? मुंबईत नक्की जायचं कुठे?

इलेक्ट्रिक खुर्ची आत्ता घेऊ नका. दुकानात ॲडव्हान्स दिला असेल तर परत मिळतो का बघा. मी २४ वर्षं मुंबईत ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी) आहे, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा जमवून देणारी, त्यातली निम्मी लोकांच्या घरी जाऊन काम करण्यात गेली. टॉवेल वाळत घातलेल्या इतक्या महागड्या खुर्च्या पाहिल्या आहेत की आता दारातूनच अंदाज येतो.

तुमच्या प्रश्नातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय. आईचं. दिवसभर घरी असतं कोण? तुम्ही दोघं कामावर. म्हणजे सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत घरात ज्यांना बोलता येत नाही ते बाबा आणि जिला ऐकू येत नाही ती आई. बाबा घशातून काहीतरी आवाज काढतात, ती ओट्याशी पाठमोरी उभी. ते थाळी आपटतात, ती डोळे पुसते आणि रात्री तुमच्या कानावर येतं, ‘हल्ली फार तापट झालेत.’ तुमचं घर न बघता लिहितेय, चुकलं असेल तर सोडून द्या. पण कपाटात पडलेलं ते मशीन कानावर चढलं तर या घरात जेवढा फरक पडेल तेवढा ८० हजारांच्या खुर्चीने पडणार नाही.

मशीन कपाटात का गेलं, ते आईला विचारा. ‘नको वाटतं’ हे उत्तर धरू नका. माझ्या अनुभवात बहुतेक बायका तीनपैकी एक गोष्ट सांगतात: शिट्टी वाजते, कानात दुखतं, नाहीतर ‘भांड्यांचाच आवाज येतो, माणसांचा येत नाही’. शिट्टी आणि दुखणं म्हणजे कानातला साचा नीट बसत नाही, तो नवीन करून मिळतो. तिसरी तक्रार खरी आहे आणि तिच्यावर औषध नाही, सराव आहे. अनेक वर्षं शांततेला सरावलेल्या मेंदूला कढईत पडलेली पळी बॉम्बसारखी वाटते. मशीन लावून थेट स्वयंपाकघरात पाठवलेली बाई ते दुपारपर्यंत काढून ठेवणार, त्यात तिचा दोष नाही. पहिला आठवडा सकाळी तासभर, खोलीत एकाच माणसाशी बोलताना. मग टीव्ही. मग बाजार. स्वयंपाकघर सगळ्यात शेवटी. महिना-दीड महिना धरून चाला.

मशीन जिवंत आहे का हे घरीच कळतं. नवीन सेल घाला, चालू करा आणि बंद मुठीत धरा. मुठीत बारीक शिट्टी वाजली तर ते चालतंय. सेलवरचा रंगीत कागद काढल्यावर मिनिटभर थांबून मग तो आत घालायचा. हे सेल हवेवर चालतात. कागद निघाला की तो वापरा किंवा वापरू नका, उतरायला लागतोच. एका आजींनी सोय म्हणून पाकिटातल्या सहाही सेलचे कागद एकदम काढून ठेवले होते आणि ‘कंपनीने फसवलं’ असं महिनाभर सांगत होत्या. कानामागे बसणारं मशीन असेल तर साच्याला जोडलेली पारदर्शक नळी बघा. पिवळी, कडक झाली असेल तर बदलून घ्या, किरकोळ काम आहे. आणि आपल्या हवेत, जून ते सप्टेंबर तर नक्कीच, रात्री मशीन सेलचं झाकण उघडून सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं. मुंबईत घाम आणि दमटपणाने जितकी मशीनं मरतात तितकी पडून मरत नसतील.

तपासणीसाठी वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे. १९८३ साली सुरू झालेली ही केंद्र सरकारची वाचा आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था. तीन वर्षांत ऐकणं बदललेलं असतं, म्हणून ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, नवीन काढून जुनं मशीन त्याप्रमाणे सेट करता येतं का ते आधी विचारा. नवीन घ्यायची वेळ नंतर. आईला नेताना बाबांच्या बोलण्याची तपासणीही तिथेच करून घ्या, कारण वाचा उपचार तिथे आहेतच. एक दिवस, एक टॅक्सी, दोन कामं.

मशीन लागेपर्यंत काय? बाबांच्या डाव्या हाताशी वायरलेस बेलचं बटण चिकटवा. पण बेल घेताना वाजणारी नको, दिवा लुकलुकणारी बघून घ्या आणि तिचा दिवा ओट्यासमोर लावा. मी सांगितलेल्या गोष्टींपैकी सगळ्यात स्वस्त आणि बहुधा सगळ्यात जास्त वापरली जाणारी हीच असेल. आई मोबाईल वापरत असेल तर फोन आल्यावर मनगटावर थरथरणारा साधा बँडही चालतो. बाबांच्या फोनवर आईचा फोटो एका बोटाने दाबला की कॉल, एवढं करून द्या. कॉल उचलायचा नाही. थरथरलं की बाहेर यायचं.

आता बोलण्याचं. तुम्ही लिहिलंय त्यावरून हा अफेजिया दिसतो, म्हणजे भाषेचं केंद्र दुखावलं गेलंय. जिभेची ताकद गेल्याने बोलणं अडतं तो प्रकार वेगळा. कोणता आहे हे स्पीच थेरपिस्ट तासाभरात सांगतील. याने फरक काय पडतो? अफेजियात लिहिणं-वाचणंही अनेकदा अडखळतं. मुलगा हौसेने टॅब आणतो, मराठी कीबोर्ड टाकतो आणि बाबा त्याकडे नुसते बघत राहतात. मग घरात म्हणतात, ‘त्यांना आता कशातच रस नाही.’ रस असतो. अक्षरं जुळत नसतात.

म्हणून आधी कागद. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे आठ चौकोन आखा आणि घरातल्याच वस्तूंचे मोबाईलवर काढलेले फोटो छापून चिकटवा. इंटरनेटवरचा परदेशी कमोड नको, तुमचाच संडास हवा. चौकोनांत काय घालायचं याबद्दल मला लालबागच्या एका काकांनी शिकवलं. गिरणीतून निवृत्त, झटक्यानंतर त्यांना एकच शब्द यायचा, ‘अरे’. मी पाणी, जेवण, संडास, दुखतंय असा नेटका तक्ता करून दिला. त्यांनी तो दोन आठवडे हाताने बाजूला सारला. मला वाटलं, समज कमी झालीय. मग त्यांच्या नातीने स्वतःच्या मनाने दोन चित्रं वाढवली: एक तंबाखूची डबी आणि एक तोंडावर बोट ठेवलेला चेहरा, म्हणजे ‘गप बसा’. त्या संध्याकाळी काकांनी भेटायला आलेल्या मेहुण्यासमोर ‘गप बसा’वर तीनदा बोट ठेवलं. तक्ता तिथून सुरू झाला. पाणी-संडास हे सांभाळणाऱ्याच्या सोयीचे शब्द, ते त्याला खुणेनेही कळतात. माणसाला ‘नको’, ‘नंतर’, ‘तू नाही, त्याला बोलाव’, ‘पंखा कमी कर’ हे म्हणायचं असतं.

ॲप त्यानंतर. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेलं ‘जेलो’ फुकट आहे आणि त्यात मराठी आहे. चित्रावर बोट ठेवलं की फोन बोलतो. मूळ रचना मुलांसाठीची वाटते, त्यामुळे काही ज्येष्ठांना ते बाळबोध वाटून राग येतो. बाबांना दाखवा, आवडलं तर ठेवा. चेन्नईत तयार झालेलं ‘आवाझ’ जास्त मोठं आहे, पैसे पडतात, आणि थेरपिस्टने सांगितल्याशिवाय त्यात पडू नका. आईला वाचता येत असेल तर तिच्या फोनवर गूगलचं ‘लाइव्ह ट्रान्सक्राइब’ टाका. समोरचा मराठीत बोलतो ते पडद्यावर उमटतं. डॉक्टरांकडे फार कामाचं. बाबांचे अस्पष्ट आवाज ते लिहू शकणार नाही, तेवढी अपेक्षा ठेवू नका.

घरातल्या सगळ्यांसाठी: टीव्ही बंद करून, समोर बसून, एका वेळी एकच प्रश्न विचारायचा आणि मग मनात दहापर्यंत मोजायचं. आपण तीनला पोचतो तोच दुसरा प्रश्न टाकतो. अफेजियात हो आणि नाही यांची अदलाबदल होते, म्हणून मान हलली तरी एकदा अंगठ्याने खात्री करून घ्या. आणि आरतीला त्यांना बसवा. बोलता न येणारी माणसं आरतीतल्या ओळी सुरात म्हणतात, आकडे एकापासून म्हणत जातात, हे मी कितीदा पाहिलंय. पाठ झालेली भाषा आणि सूर मेंदूत वेगळ्या वाटेने येतात. थेरपिस्ट या वाटेचा उपयोग करून घेतात.

आता खुर्चीकडे येऊ, म्हणजे मी आधी का नाही म्हटलं ते कळेल. उठा आणि सुताराची टेप घ्या. बाजारातली नेहमीची १८ इंची घडीची व्हीलचेअर चाकांसकट २५-२६ इंच रुंद भरते. जुन्या म्हाडा इमारतींत संडास-बाथरूमचं दार मला दोन फुटांपेक्षा मोठं क्वचितच मिळालंय. म्हणजे खुर्ची जिथे सगळ्यात जास्त लागणार तिथेच ती शिरत नाही. इलेक्ट्रिक खुर्ची तीस-चाळीस किलोची, ती दोन मजले रोज कोण उतरवणार? तळमजल्यावर ठेवली तर चार्जिंग कुठे आणि पावसात झाकणार कशाने? बहुतेक खुर्च्यांना जॉयस्टिक उजव्या हाताला लावून येते. बाबांचा तोच हात कमजोर आहे. ती डावीकडे बसवून मिळते, पण हे दुकानदार आपणहून सांगत नाही. आणि अशा झटक्यानंतर काहींची उजवीकडची अर्धी नजरही जाते, ते त्यांचं त्यांना उमगत नाही. ते तपासल्याशिवाय मोटरची कुठलीही वस्तू हातात देणं धोक्याचं आहे.

१९९३मध्ये अमेरिकेत अपंगत्वामुळे सहायक साधनं वापरणाऱ्या २२७ प्रौढांची पाहणी प्रसिद्ध झाली होती. घेतलेल्या साधनांपैकी २९.३ टक्के वापराविना टाकून दिली गेली होती. कारणं पहिल्यांदा वाचली तेव्हा मला हसू आलं होतं, कारण ती विक्रोळीचीच वाटली: वापरणाऱ्याला न विचारता घेतलेलं साधन, फार सहज हाती आलेलं साधन, नीट न चालणारं साधन, आणि गरज बदलली तरी तेच राहिलेलं साधन. ‘फार सहज हाती आलेलं’ हे कारण लक्षात ठेवा, खाली शिबिरांबद्दल लिहीन तेव्हा कामी येईल. तूर्त एक विचारते: खुर्ची घ्यायची का, हे बाबांना कोणी विचारलंय का? समजतं सगळं, असं तुम्हीच लिहिलंय.

बाबा दहा-बारा पावलं टाकतात, हे तुमच्या घरातलं भांडवल आहे. ते खुर्चीत घालवू नका. घरातल्या घरात चार पायांची काठी, डाव्या हातात. कमजोर बाजूला काठी देणारे नातेवाईक अजून भेटतात, म्हणून मुद्दाम लिहिलं. उंची अशी, की हात सरळ सोडला तर मूठ मनगटाच्या रेषेशी यावी. काठीच्या बुडाची रबरी बुचं गुळगुळीत झाली की बदला. ओल्या लादीवर झिजलेलं बूच म्हणजे साबणच. पाऊल खाली लोंबत असेल तर पायाला स्प्लिंट, म्हणजे पाऊल सरळ धरणारा आधार, लागेल, तो मापाने करून घ्यायचा, मेडिकलमधून एल-एक्सएल बघून नाही. आणि उठवताना उजव्या हाताला धरून कोणीही ओढायचं नाही. खांदा निसटतो आणि मग ती दुखणी वर्षभर. कमरेला रुंद पट्टा बांधा, आईनेही तिथेच धरायचं.

संडास-बाथरूमवर पैसे खर्च करा. भारतीय भांडं असेल तर वर ठेवायची कमोडची खुर्ची. बसल्यावर डाव्या हाताला येईल अशी, भिंतीत ड्रिल करून बसवलेली स्टीलची दांडी. रबरी कपाने टाइलला चिकटणाऱ्या दांड्या ऑनलाइन मिळतात, त्या आपल्या दमट हवेत कधी सुटतील सांगता येत नाही आणि सुटतात त्या बरोबर भार टाकल्यावरच. आंघोळीला उंच प्लास्टिकचं स्टूल, ज्याच्या पायांना रबर आहे असं. जेवताना थाळीखाली जाळीची रबर शीट घाला, ड्रॉवरमध्ये अंथरतात ती, मग थाळी सरकत नाही. चमच्याच्या दांड्याला एसीच्या पाइपावरचा काळा फोम चढवला की पकड जाड होते. हे सगळं मिळून किती खर्च होतो ते जमाखर्चात लिहून ठेवा आणि ८० हजारांशी ताडून बघा.

आणि जिना. बाबा घरात अडकलेत ते पायांमुळे जेवढे, तेवढेच तुमच्या इमारतीच्या कठड्यामुळे. जिन्याला कठडा एकाच बाजूला असतो. समजा चढताना तो डाव्या हाताला येतो. बाबा धरून चढतील. उतरताना तोच कठडा उजव्या हाताला, म्हणजे नसल्यात जमा. दुसरा, भिंतीच्या बाजूने, गोल पाइप बसवून घ्या. जाडी सव्वा ते दीड इंच, भिंतीपासून बोटं नीट मागे जातील एवढी दोन इंचांची फट, आणि शेवटच्या पायरीच्या पुढे फूटभर लांब, कारण माणूस तोल जाऊन पडतो तो शेवटच्या पायरीला. सोसायटीला अर्ज द्या. सुरुवातीला कुरकुर होईल. मी दोन इमारतींत असा पाइप लावायला लावला आणि दोन्हीकडे बसवल्यानंतर आठवड्यात तो धरून चालणारे पहिले लोक कुरकुर करणारेच होते. पायऱ्यांचा मंत्र आम्ही शिकवतो तो असा: चढताना चांगला, उतरताना उणा. म्हणजे चढताना बरा पाय आधी वर, उतरताना कमजोर पाय आधी खाली. पहिले काही दिवस थेरपिस्ट सोबत हवा, स्वतः प्रयोग करू नका.

बाहेरसाठी, दवाखान्यासाठी, लग्नासाठी व्हीलचेअर लागेल. साधी घडीची घ्या, तीही आधी महिनाभर भाड्याने. प्रिन्सेस स्ट्रीटच्या बाजूला सर्जिकलची दुकानं आहेत, उपनगरांतही भाड्याने मिळते. बाबांना स्वतः चालवायची असेल तर एक युक्ती सांगते. एका हाताने चाक फिरवलं तर खुर्ची जागच्या जागी गोल फिरते. तिची डावी पायपट्टी काढून टाका आणि डावा पाय जमिनीवर टेकू द्या. हात चाक फिरवतो, पाय दिशा देतो. त्यासाठी बैठक नेहमीपेक्षा दोनेक इंच कमी उंच हवी. नेहमीच्या खुर्चीची बैठक १९-२० इंचांवर असते, तेवढ्या उंचीवर आपल्या ज्येष्ठांचे पाय टेकत नाहीत. बैठकीची रुंदी नितंबांपेक्षा इंचभरच जास्त. मोठी घेतली तर माणूस कमजोर बाजूला कलंडून बसतो. मुख्य प्रवेशाशी पायऱ्या असतील तर रॅम्पचं गणित १:१२ आहे, म्हणजे फूटभर उंचीला १२ फूट लांबी. तीन फुटांची फळी टाकून ‘रॅम्प केला’ म्हणणाऱ्यांना एकदा स्वतः खुर्चीत बसवून खाली सोडलं पाहिजे.

हे सगळं एका जागी पाहून देणारं ठिकाण म्हणजे हाजीअलीची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन, १९५५पासूनची. तिथे पुनर्वसनाचे डॉक्टर, फिजिओ, ओटी, आणि स्प्लिंट बनवणारं वर्कशॉप एकाच आवारात आहे. परळला केईएममध्येही ओटीचा विभाग आहे. आमच्या व्यवसायाचं आशियातलं पहिलं विद्यालय तिथेच १९५०मध्ये कमला निंबकरांनी सुरू केलं, त्यामुळे माझा त्या जागेकडे थोडा ओढा आहे हे मान्य करते. कुठेही जा, पण जाताना जिन्याचा, संडासाचा आणि बाबा पलंगावरून उठतानाचा व्हिडिओ घेऊन जा. ओपीडीत तुम्हाला दहा मिनिटं मिळतील, त्यातली आठ घर वर्णन करण्यात जातात.

सरकारी कागद. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. ‘पक्षाघात’ असा वेगळा प्रकार त्यात नाही आणि म्हणून काही घरं अर्जच करत नाहीत. बाबा दोन दारांनी आत जातात: हालचालीचं अपंगत्व, आणि वाचा व भाषेचं. या दुसऱ्याच्या व्याख्येत अफेजियाचं नाव लिहिलेलं आहे. तपासणीला दोन्ही लिहून घ्या, बोलण्याचं राहून जातं. अर्ज ‘स्वावलंबन’ पोर्टलवर, यूडीआयडी म्हणजे दिव्यांग ओळखपत्रासाठी, तपासणी ठरवून दिलेल्या सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात. ४० टक्के किंवा त्याहून जास्त प्रमाण आलं तर बहुतेक योजना उघडतात. आता कार्डावर रंग असतो: ४० टक्क्यांखाली पांढरा, ४० ते ८०च्या आत पिवळा, ८० आणि वर निळा. आईचाही अर्ज करा, ऐकण्याचा.

साधनांसाठी केंद्राची ॲडिप योजना १९८१पासून आहे. उत्पन्नाची मर्यादा आहे, दाखला लागतो. साधनं बहुतेक कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीची असतात. साठी ओलांडलेल्यांसाठी २०१७पासून राष्ट्रीय वयोश्री योजना आहे, तीही कमी उत्पन्नाच्या घरांसाठी. तिच्यात काठी, चार पायांची काठी, व्हीलचेअर, कानाचं मशीन सगळं येतं. राज्याने २०२४मध्ये ६५च्या वरच्यांसाठी मुख्यमंत्री वयोश्री काढली, तिच्यात एकरकमी ३,००० रुपये, तेवढ्यात काठी आणि दांडी निघते. शिबिरात जायचं असेल तर मोजमाप लिहिलेला कागद सोबत न्या आणि न बसणारी वस्तू घेऊ नका. मी एका शिबिरात चाळीस किलोच्या आजींना १८ इंची खुर्चीत बसवून फोटो काढताना पाहिलं. दोन महिन्यांनी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्या जमिनीवर बसून भाजी निवडत होत्या आणि खुर्चीत तांदळाचं पोतं होतं. वर लिहिलं ते ‘फार सहज हाती आलेलं साधन’ हेच.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण लवकरच अडेल. बाबांची सही. उजवा हात गेला म्हणजे बँकेतली सही गेली. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने आजारी खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर चालतो, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. दिव्यांग आणि सत्तरीवरच्यांना घरपोच बँकसेवा देण्याचं परिपत्रक २०१७चं आहे. काउंटरवर ‘असं काही नसतं’ ऐकायला मिळेल, तेव्हा लेखी अर्ज देऊन पोच घ्या. हयातीचा दाखला मोबाईलवर चेहरा दाखवून निघतो, पण डोळे मिचकवायला सांगतात तिथे झटका आलेल्यांची पंचाईत होते. केवायसीतल्या अशाच डोळे मिचकावण्यावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा निकाल ३० एप्रिल २०२५ला आला. बाबांचं अडलं तर हा निकाल छापून सोबत न्या.

इतर कोणी वाचत असेल तर एवढंच: दृष्टीचा प्रश्न असेल तर वरळीला नॅब ही अंधांसाठीची संस्था आणि सेंट झेवियर्स कॉलेजातलं एक्सआरसीव्हीसी हे दृष्टिहीनांसाठीचं केंद्र. संगणकासाठी पडद्यावरचं वाचून दाखवणारं एनव्हीडीए फुकट आहे, नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ ॲप नेटशिवाय चालतं. मूल सेरेब्रल पाल्सीचं असेल तर ‘अडॅप्ट’, पूर्वीची स्पॅस्टिक्स सोसायटी, तीही वांद्रे रेक्लमेशनलाच.

तुम्ही आता मला चार मापं पाठवा: संडासाच्या दाराची रुंदी, पलंगाची उंची, बाबांची बसलेल्या स्थितीत गुडघ्यामागून टाचेपर्यंतची उंची, आणि पायरीची उंची. दारं मोजताना चौकट मोजू नका, दार पूर्ण उघडून उरते ती मोकळी जागा मोजा. आणि जिन्याचा कठडा चढताना कोणत्या हाताला येतो तेही लिहा, मी वर डावा धरून चालले होते.